वनकामातील मुकादमाचे शिक्षण : डहाणू व तलासरी तालुक्यांच्या संदर्भात

वृक्षतोड, रोपवन, वनरस्त्यांची बांधणी आणि वणव्यांचे निवारण ही कामे ज्या ठेकेदारांच्या व मुकादमांच्या हातून होतात, त्यांना पर्यावरणविषयक शिक्षण द्यावे, अशी सूचना वारंवार केली जाते. सूचना योग्यच आहे. परंतु शिक्षण कशाचे द्यावयाचे, कोणास द्यावयाचे, आणि ते प्रत्यक्ष कामात उतरण्यास कोणती परिस्थिती आवश्यक आहे, या प्रश्नांचा विचार तिच्याबरोबर फारसा होत नाही. या विचारासाठी पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे तालुके विशेष उपयुक्त आहेत. वनठेकेदारी, तिच्याविरुद्धचा लढा, तिला पर्याय म्हणून निघालेल्या सहकारी संस्था आणि पर्यावरणरक्षणाचा कायदा या चारही गोष्टींचा इतिहास या एकाच भूभागात घडलेला आहे. त्या इतिहासाच्या आधारे प्रस्तुत लेखात असे मांडावयाचे आहे की, वनकामातील शिक्षणाचा प्रश्न हा मूलतः मोजमापाचा प्रश्न आहे. ज्या मापाने मजुरी दिली जाते, त्याच मापाने वन राखले जाते किंवा उजाड होते.

१. भूमी, वन आणि लोक

पश्चिमेस समुद्रकिनाऱ्याची सपाट पट्टी आणि पूर्वेस सह्याद्रीच्या पायथ्याशी जाऊन भिडणारे डोंगर, अशी या प्रदेशाची रचना आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच वर्षाचा जवळजवळ सर्व पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने भूमी कोरडी राहते. वन पानझडी स्वरूपाचे असून साग, ऐन, खैर, धावडा, हेद, बिबळा, मोह हे त्यांतील परिचित वृक्ष होत. मातीचा थर उतारावर पातळ आहे. अशा ठिकाणी झाडांचे छत्र गेले आणि पालापाचोळ्याचा थर विस्कटला, म्हणजे पावसाच्या पहिल्या सरींतच माती वाहू लागते. ती पुढे ओहोळांत व नदीत जाते आणि बंधाऱ्यांत गाळ होऊन साचते.

या वनाच्या आश्रयाने वारली, कोकणा, मल्हार कोळी, दुबळा, कातकरी इत्यादी आदिवासी समाज राहत आले आहेत. त्यांच्या शेतीचाही वनाशी निकटचा संबंध होता. भाताची रोपे तयार करण्यापूर्वी झाडांच्या फांद्या, पाला व गवत पसरून जमीन भाजण्याची ‘राब’ ही पद्धत ठाणे जिल्ह्यात सर्वत्र रूढ होती. १८७८ च्या वन अधिनियमान्वये वने राखीव होऊ लागली तेव्हा राबासाठी फांद्या तोडण्याच्या प्रश्नावरून एवढा असंतोष माजला की, मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. म्हणजे वनाचा उपयोग कोणी, किती व कोणत्या रीतीने करावा, हा वाद या प्रदेशास नवा नाही. नवे एवढेच की, आज तो वाद पर्यावरणाच्या परिभाषेत मांडला जातो.

२. ठेकेदारीपासून सहकारापर्यंत

ब्रिटिश अमदानीत वनातील तोड मुख्यतः ठेकेदारांमार्फत होत असे. वनखाते विशिष्ट वर्षी तोडावयाचा भाग, म्हणजे कूप, आखून देई. ठेकेदार लिलावात तो विकत घेई. आणि तोडणी, ओढणी व वाहतूक ही कामे तो आदिवासी मजुरांकडून करून घेई. ठेकेदाराचा संबंध एका हंगामापुरता असे. त्या कुपात पुन्हा चांगले वन उभे राहिले काय, याचा त्याच्या नफ्याशी काहीएक संबंध नव्हता. मजूर तर सावकार-जमीनदारांच्या कर्जात व वेठबिगारीत अडकलेला होता. या स्थितीचे वर्णन सनदी अधिकारी सिमिंग्टन यांनी मुंबई प्रांतातील आदिवासींविषयीच्या आपल्या १९३९ च्या अहवालात केलेले आहे.

दिनांक २३ मे १९४५ रोजी, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी या गावी, किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांची परिषद भरली आणि वेठीविरुद्धच्या लढ्यास आरंभ झाला. शामराव व गोदावरी परुळेकर यांचे नाव या लढ्याशी कायमचे जोडले गेले आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. वेठ बंद करण्याच्या मागणीपाठोपाठ ज्या मागण्या आल्या, त्या मापाच्या होत्या. पाचशे पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये, आणि १९४६ मध्ये जंगलातील कामास दिवसास किमान सव्वा रुपया, अशा त्या मागण्या होत. लढणाऱ्यांनी ‘योग्य मजुरी’ एवढे मोघम म्हटले नाही. किती कामास किती दाम, हे त्यांनी आकड्यांत सांगितले. काम मोजण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्याच हाती कामाचे स्वरूपही असते, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते.

यानंतर १९४७ पासून बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने जंगल कामगार सहकारी संस्थांची योजना हाती घेतली. ठेकेदाराऐवजी मजुरांच्या संस्थेस, लिलावाविना व ठरविलेल्या अटींवर, कूप द्यावा आणि नफ्याचा वाटा कामगारांपर्यंत पोचावा, हा तिचा हेतू. ठाणे जिल्हा या योजनेच्या प्रमुख क्षेत्रांपैकी एक होता. पुढे १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीतही वनऱ्हासाच्या कारणांत ठेकेदार व त्यांचे मजूर यांच्याकडून होणाऱ्या बेकायदा तोडीची गणना करून, ठेकेदारांच्या जागी आदिवासी सहकारी संस्था, कामगार सहकारी संस्था व शासकीय महामंडळे यावीत असे सांगितले आहे.

तथापि ठेकेदारी सर्वस्वी नाहीशी झाली, असे म्हणता येणार नाही. १९८० चा वनसंवर्धन अधिनियम आणि मंजूर कार्य-आयोजनेवाचून तोड होऊ नये असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर १९९६ चा आदेश, यांमुळे वनातील तोडीचे क्षेत्र आक्रसत गेले. त्याबरोबर संस्थांचे कामही मर्यादित झाले. दुसरीकडे, महामार्ग, मालवाहतुकीचा रेल्वेमार्ग, अतिजलद रेल्वे यांसारखे मार्ग या तालुक्यांतून काढले गेले. त्यांसाठी होणारी वृक्षतोड, खोदाई व भराव ही कामे पुन्हा ठेकेदार व उपठेकेदार यांच्याच हाती येतात. कामाचा प्रकार बदलला. हंगामापुरता संबंध व घनमापावर मिळणारा मोबदला ही त्याची दोन लक्षणे मात्र बदलली नाहीत.

३. कायद्याची चौकट

केंद्र शासनाने २० जून १९९१ च्या अधिसूचनेद्वारे डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित केला आणि तेथील उद्योगांवर निर्बंध घातले. तिच्या अंमलबजावणीविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निर्णय दिल्यानंतर, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. याखेरीज दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात असल्यामुळे १९९६ च्या ‘पेसा’ कायद्यान्वये ग्रामसभेस गौण वनोपजावर अधिकार आहेत, आणि २००६ च्या वनहक्क अधिनियमान्वये सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्कही तिला मिळू शकतो.

कायद्याची ही चौकट भक्कम आहे. परंतु तिचा विचार प्रकल्पाच्या, क्षेत्राच्या व हक्काच्या पातळीवर चालतो. ओंडका कोणत्या वाटेने ओढावा, खुंट किती उंचीवर कापावा, छाटलेल्या फांद्या ओहोळात टाकाव्यात की बांधावर रचाव्यात, हे निर्णय वनात उभा असलेला मुकादम घेतो. दिवसभरात असे अनेक निर्णय त्यास घ्यावे लागतात, आणि वनाचे बरेवाईट त्यांच्या बेरजेने ठरते. शासकीय वनकर्मचाऱ्यांसाठी चंद्रपूर, कुंडल, शहापूर आदी ठिकाणी प्रशिक्षणसंस्था आहेत. ठेकेदाराचा किंवा संस्थेचा मुकादम मात्र बहुधा पाहून पाहूनच शिकतो. शिक्षणाची खरी उणीव आहे ती येथे.

४. मुकादमाने काय जाणावे

अशा शिक्षणाचा आशय विस्तृत असण्याची गरज नाही. तो सकारण असावा. पुढील पाच गोष्टी त्यात अवश्य याव्यात.

पहिली गोष्ट खुंटाची. साग, ऐन यांसारखी झाडे तोडल्यानंतर खुंटातून पुन्हा फुटतात आणि पुढील पिढीचे वन बऱ्याच अंशी या फुटव्यांपासून तयार होते. खुंट जमिनीलगत, सुमारे १५ सेंटीमीटरांहून उंच न ठेवता, आणि वर पाणी साचणार नाही असा गुळगुळीत उतरता कापला, तर फुटवा खालून येतो व मूळ धरतो. खुंट उंच ठेवला वा त्याची साल फाटली, तर फुटवा वरच्या भागातून येतो आणि वाऱ्याने मोडतो. कामास लागणारा वेळ थोडासाच अधिक. फरक मात्र पुढील कित्येक दशकांचा.

दुसरी गोष्ट ओढणीच्या वाटेची. ओंडके उताराखाली ओढले म्हणजे सर्व वाटा खाली एका ठिकाणी मिळतात. पावसाळ्यात त्याच वाटांनी पाणीही एकत्र येते आणि घळ पडते. यास्तव ओढणीच्या वाटा तोडीपूर्वीच आखून त्यांची संख्या कमी ठेवावी, त्या ओहोळाच्या पात्रातून नेऊ नयेत, आणि काम संपताच, पावसाळ्यापूर्वी, त्यांवर तिरपे आडवे चर काढून पाणी बाजूच्या झाडोऱ्यात वळवावे. ओहोळाच्या काठची झाडे न तोडण्याचा नियमही याच कारणासाठी आहे.

तिसरी गोष्ट वणव्याची. तोडीनंतर पडलेला पाला व फांद्या उन्हाळ्यात सहज पेटतात. उभ्या झाडांच्या व खुंटांच्या बुंध्यांपासून हा कचरा दूर केला आणि जाळरेषा वेळेवर साफ ठेवल्या, तर कोवळे फुटवे वाचतात.

चौथी गोष्ट माणसाच्या सुरक्षिततेची. झाड कोणत्या दिशेस पडेल हे ठरवून मगच कुऱ्हाड वा करवत लावणे, झाडाच्या उंचीच्या दुपटीइतक्या अंतरात दुसऱ्या कोणास उभे राहू न देणे, अडकलेल्या झाडाखाली न जाणे हे नियम मजुरांच्या जिवाशी निगडित आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९८ मध्ये वनकामातील सुरक्षिततेविषयी संहिता प्रसिद्ध केली, तीत नियोजन, देखरेख व प्रशिक्षण यांस महत्त्वाचे स्थान आहे. सुरक्षित तोड आणि वनास कमीत कमी इजा करणारी तोड या बहुधा एकच असतात, कारण दोहोंतही घाईस वाव नसतो.

पाचवी गोष्ट हक्कांची. मोह, तेंदू व इतर फळझाडे, देवस्थानांची झाडे, पाणवठ्यांच्या वाटा आणि ग्रामसभेच्या हक्कातील क्षेत्र यांची माहिती काम सुरू होण्यापूर्वी गावकऱ्यांकडून घेणे हे मुकादमाचे कर्तव्य ठरले पाहिजे. यातील बरेचसे ज्ञान स्थानिक मजुरांस आधीपासूनच असते. अनेकदा मुकादमास शिकवावयाचे ते एवढेच की, ज्याच्याकडून तो काम करून घेतो त्याला त्याने आधी विचारावे.

५. शिक्षण आणि मोजमाप

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वरील पाच गोष्टी काही दिवसांच्या वर्गात, मुख्यतः कुपातच उभे राहून, शिकविता येतील. वारली बोलीत व मराठीत, लेखनावाचून, प्रात्यक्षिकाने त्या अधिक चांगल्या शिकविता येतील. परंतु शिकलेला मुकादम कामावर परतल्यावर काय होते? त्याचा मोबदला घनमीटरांवर, चट्ट्यांवर किंवा खड्ड्यांच्या संख्येवर ठरतो. खुंट नीट कापण्यात, वाटेवर चर काढण्यात, ओहोळास वळसा घालण्यात जो वेळ जातो, तो या मापात कोठेच धरला जात नाही. म्हणजे शिकविलेली प्रत्येक चांगली गोष्ट त्यास स्वतःच्या व मजुरांच्या खिशातून करावी लागते. अशा स्थितीत शिक्षण टिकले नाही, तर दोष शिकणाऱ्याचा म्हणता येणार नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, करारांत पर्यावरणविषयक अटी असतातच व त्या मोडल्यास दंडही होतो. हे खरे आहे. परंतु दंड हा दोष सापडल्यावर होतो, आणि ओढणीच्या वाटेवर चर न काढल्याचा दोष पावसाळ्यात, म्हणजे ठेकेदाराचे देयक चुकते झाल्यावर, दिसू लागतो. त्यातही दंडाचा भार बहुधा वरून खाली सरकतो आणि अखेर मजुरीत कपात होऊन संपतो. १९४५ पूर्वीच्या व्यवस्थेत वनाची हानी व मजुराची हानी एकाच कारणातून होत होती. निव्वळ दंडावर भिस्त ठेवल्यास तेच नाते नव्या रूपात कायम राहील.

म्हणून शिक्षणाबरोबर मोजमापात तीन बदल आवश्यक वाटतात. एक, खुंट, वाट, चर व जाळरेषा यांची कामे दरपत्रकात स्वतंत्र बाबी म्हणून धरून त्यांचा दर द्यावा. दोन, मोबदल्याचा काही भाग पहिल्या पावसाळ्यानंतर, त्या जागेची पाहणी करून द्यावा. मात्र हा राखलेला भाग ठेकेदाराच्या नफ्यातून असावा, मजुरीतून नव्हे. तीन, ही पाहणी वनकर्मचाऱ्यांबरोबर ग्रामसभेच्या प्रतिनिधींनीही करावी, कारण गाळ ज्यांच्या शेतात व बंधाऱ्यात जाणार ते तेच होत.

यास आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. या तालुक्यांतील अनेक कुटुंबे सुगीनंतर वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर व अन्यत्र कामासाठी स्थलांतर करतात, आणि तोडीचा व रोपवनपूर्व कामांचा हंगाम नेमका तोच असतो. शिकलेला माणूस गावात टिकावा असे वाटत असेल, तर वनातील कुशल कामाची मजुरी वीटभट्टीच्या मजुरीहून कमी असून चालणार नाही. येथेही प्रश्न पुन्हा दरावरच येऊन ठेपतो.

सारांश, डहाणू-तलासरीच्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा की, वनकामातील शिक्षण ही मजुरीच्या व मापाच्या व्यवस्थेपासून वेगळी काढता येणारी गोष्ट नव्हे. सहकारी संस्थांच्या योजनेमागील मूळ कल्पना, वन राखण्यात ज्याचे हित आहे त्याच्याच हाती काम द्यावे, आजही तितकीच ग्राह्य आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे अभ्यासाचे मोठे क्षेत्र मोकळे आहे. एखाद्या कुपात खुंटांची उंची मोजणे, ओढणीच्या वाटांवरील घळींची खोली एका पावसाळ्यापूर्वी व नंतर नोंदविणे, आणि त्याच कामाच्या मजुरीचा हिशेब शेजारी मांडणे, यासाठी महागडी साधने लागत नाहीत. वनशास्त्र व अर्थशास्त्र या दोन्ही विभागांनी मिळून असे अभ्यास केल्यास, मुकादमास काय शिकवावे याबरोबरच त्याला काय द्यावे, याचेही उत्तर आकड्यांत देता येईल.