वचन दोघांचं, कायदा एकाचा?

शाळेतल्या मैत्रिणीच्या लेकीचं लग्न होतं, म्हणून आदल्या दिवशीच मी कोर्लईला मुक्कामाला गेले. आमच्या चौलहून रेवदंडा, मग साळावचा पूल ओलांडला की कोर्लई. चौल-रेवदंड्यातून पोर्तुगीज गेले १७४० साली. आमच्याकडे त्यांची पडकी तटबंदी राहिली. कोर्लईत मात्र ख्रिस्ती वस्तीच्या तोंडी त्यांच्या भाषेतून घडलेली बोली अजून आहे. तिला ते 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा.

घरात पाहुण्यांची गर्दी आणि नवरी मुलगी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कागद घेऊन पाठांतर करत बसलेली!

"मावशी, तू ऐक ना. उद्या अडखळले तर सगळे हसतील."

कागदावर मोजक्याच ओळी होत्या. सुखात नि दुःखात, आजारपणात नि धडधाकट असताना मी तुझ्याशी एकनिष्ठ राहीन, जन्मभर तुझा मान राखीन, अशा अर्थाच्या. नवरदेवही हेच म्हणणार, फक्त नाव बदलून. मला माझं लग्न आठवलं. भटजींनी सांगितलं तिथे पावलं टाकली. 'नातिचरामि' म्हटलं ते ह्यांनी. अख्ख्या लग्नात माझ्या तोंडून काय निघालं, तर एक उखाणा!

मैत्रिणींनो, या वचनांची गोष्ट मोठी आहे. कॅथलिक मान्यतेप्रमाणे लग्न पाद्री लावत नाहीत. वधूवरच एकमेकांना वचन देऊन ते लावतात. पाद्री चर्चच्या वतीने साक्षीला. पूर्वी युरोपात दोघांनी एकांतात दिलेला शब्दही लग्न धरला जाई. पुढे पुरुषाने कानांवर हात ठेवले, की बाई अधांतरी! म्हणून १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरवलं, पाद्री आणि किमान दोन साक्षीदार हवेतच. लग्नाआधी तीन वेळा नावं जाहीर करायची, कुणाची हरकत असेल तर ती तेव्हाच कळावी म्हणून.

इंग्लंडच्या चर्चची तऱ्हा वेगळी. त्यांच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात वचनं इंग्रजीत आली. पण नवरीच्या वचनात एक शब्द जादा होता. नवऱ्याची आज्ञा पाळीन! नवरदेवाला तो नव्हता. १९८१ साली डायनाने चार्ल्सशी लग्न करताना तो शब्द गाळला, तेव्हा केवढी चर्चा झाली होती. कॅथलिकांचा सुधारित विवाहविधी १९६९ साली आला आणि लोकांच्या भाषेत होऊ लागला.

हे सगळं बोलत असताना मैत्रिणीची थोरली बहीण मुकाट्याने नारळ खवत होती. तिचीही अशीच वचनं झाली होती. पण नवऱ्याने बाहेर दुसरा संसार मांडला. १९९० च्या सुमारास ती वकिलाकडे गेली. ते म्हणाले, "तो मारतो का? घर सोडून गेलाय का?" दोन्हीला उत्तर 'नाही'. मग घटस्फोट मिळणार नाही, म्हणाले.

तेव्हा कायदाच तसा होता. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढंच कारण पुरे होतं. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता, किंवा दोन वर्षं टाकून दिल्याचं, असं आणखी काही सिद्ध करावं लागे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने हा भेदभाव घटनेविरुद्ध ठरवला. २००१ साली संसदेने कायदा बदलला आणि दोघांना सारखी कारणं मिळाली. चर्च आजही घटस्फोट मानत नाही, तो भाग वेगळा. पण चर्चमध्ये दोघांनी सारखंच वचन द्यायचं आणि ते मोडलं तर कायद्याने एकालाच झुकतं माप द्यायचं, हे तब्बल एकशे बत्तीस वर्षं चाललं!

"ताई, तुम्हाला नाही का वाटलं, उगीच बोलले ते शब्द?" मी धीर करून विचारलं.

"मी माझा शब्द पाळला गं," ती म्हणाली, "उगीच कसा?"

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये ती पहिल्या बाकावर होती. भाची मराठीतून वचन बोलू लागली आणि 'आजारपणात' शब्दापाशी अडखळलीच. कुणी हसलं नाही. मावशीने नुसते ओठ हलवून शब्द पुरवला आणि पोरगी खणखणीत आवाजात पुढे बोलली.