नोबिता आणि त्याचे सवंगडी : एक स्वभावचित्रण

वर्गातील एखाद्या मुलास चष्मा लागावा आणि त्याच सुमारास गणिताच्या पेपरात त्यास भोपळा मिळावा, की दुसऱ्या दिवसापासून त्याचे जन्मनाव मागे पडते. सारे त्यास ‘नोबिता’ म्हणून हाक मारू लागतात. हे नाव मूळचे जपानचे. ‘डोरेमॉन’ ही जपानी चित्रमालिका २००५ मध्ये हिंदी भाषेत आपल्या देशातील दूरचित्रवाणीवर आली. घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि नोबिताशी मात्र हिंदी, असा त्रिभाषा व्यवहार आमच्या गोमंतकातील मुले तेव्हापासून मोठ्या सहजतेने करीत आली आहेत. पालकांची तक्रार अशी की, या मालिकेने मुले आळशी होतात. नोबिता अभ्यास करीत नाही, मार खाऊन रडत घरी येतो आणि डोरेमॉनपाशी काही तरी यंत्र मागतो. यातून मुलांनी घ्यावयाचे ते काय? प्रश्न गैर नाही. पण मला वाटते, चिडविणारी मुले आणि तक्रार करणारे पालक, दोघेही नोबितास अर्धाच ओळखतात. उरलेला अर्धा समजून घ्यावयाचा असेल, तर ही पात्रे कशी लिहिली गेली, हे पाहावयास हवे.

या कथेचे जनक फुजिमोतो हिरोशी हे १९३३ मध्ये जपानच्या तोयामा प्रांतातील ताकाओका येथे जन्मले. तेथील शाळेत आबिको मोतोओ हा मुलगा त्यांच्या वर्गात आला. दोघांनाही चित्रांचा नाद होता. पुढे दोघांनी मिळून ‘फुजिको फुजिओ’ हे एकच टोपणनाव घेतले आणि १९८७ पर्यंत ते चालविले. ‘डोरेमॉन’ मात्र सर्वस्वी फुजिमोतो यांची निर्मिती होय. लहानपणी ते अंगाने किरकोळ आणि खेळात मागे असत. नोबिता म्हणजे आपणच, असे ते सांगत. डिसेंबर १९६९ मध्ये ही चित्रकथा शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या मासिकांतून सुरू झाली. दूरचित्रवाणीवर ती प्रथम १९७३ मध्ये आली आणि काही महिन्यांत बंद पडली. १९७९ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्यांदा आली, ती मात्र टिकली. २००५ मध्ये आवाज देणारे कलावंत आणि चित्रांची धाटणी बदलून तीच मालिका नव्याने सुरू झाली, ती अद्याप चालू आहे. फुजिमोतो १९९६ मध्ये निवर्तले. पात्रे त्यांच्यामागेही चालतच राहिली. इतकी वर्षे लोटली, पण नोबिता काही पुढच्या इयत्तेत गेला नाही. मूळ चित्रकथेत तो बहुधा चौथीत असतो, दूरचित्रवाणीवर पाचवीत, एवढाच काय तो फरक.

जे पात्र वाढत नाही, ते शिळे कसे होत नाही? याचे उत्तर पहिल्याच कथेत सापडते. नववर्षाचा दिवस आहे. नोबिता घरात लोळत पडलेला असताना त्याच्या मेजाचा खण उघडतो आणि आतून एक निळे यंत्रमांजर बाहेर येते. मागोमाग येतो सेवाशी, म्हणजे नोबिताच्या नातवाचा नातू. मोठेपणी नोबिता एवढे कर्ज करून ठेवणार आहे, की त्याची झळ पुढच्या पिढ्यांना लागली आहे; म्हणून पणजोबांच्याही वडिलांना सुधारण्यासाठी त्याने हे मांजर पाठविले आहे! येथे लेखकाची पहिली चतुराई दिसते. आपल्या गोष्टींतून देव किंवा परी प्रसन्न होते, ती तपाचे किंवा सद्गुणाचे फळ म्हणून. नोबिताने असे काहीच केलेले नाही. मदत त्यास मिळते, ती तो दुबळा आहे एवढ्याच कारणाने.

बरे, मदतीस आलेला तरी कोण? मांजर असून उंदरास भिणारा. त्याचे कान यंत्र-उंदराने कुरतडलेले. घाईच्या वेळी पोटावरच्या पिशवीतून हवे ते यंत्र न काढता भलत्याच वस्तू भराभर बाहेर टाकणारा. दोरायाकी नावाची गोड पोळी दिसली की भान हरपणारा. १९९५ च्या एका चित्रपटात तर तो कारखान्यातच बिघडलेला यंत्रमानव असल्याचे दाखविले आहे. त्याची उंची १२९.३ सेंटिमीटर ठरविली आहे. त्या काळच्या जपानमधील चौथीच्या मुलांची सरासरी उंची तेवढीच होती. डोरेमॉन नोबिताकडे वरून खाली पाहत नाही, समोरासमोर पाहतो. म्हणून तो रागावला, तरी त्याचा उपदेश गुरुजींच्या उपदेशासारखा वाटत नाही. (हे वाक्य मी शिक्षक असूनही लिहीत आहे, याची वाचकांनी नोंद घ्यावी.)

आता स्वतः नोबिता. त्याचे दोष सर्वांना मुखोद्गत आहेत. त्यांची यादी देत नाही. पण लेखकाने त्यास तीन गोष्टी उत्तम येतात असे दाखविले आहे. बोटांवर दोरा गुंफून नाना आकृती करणे, अचूक नेम धरणे, आणि डोके टेकताच क्षणार्धात झोपी जाणे. गंमत अशी की, यांपैकी एकाही विषयाची शाळेत परीक्षा नसते! कौशल्य आहे, पण ज्या बाजारात तो उभा आहे तेथे त्याला भाव नाही. एखाद्या दुबळ्या पात्रास निव्वळ दयेचा विषय होऊ न देण्याची ही युक्ती मला फार मोलाची वाटते.

यंत्रांविषयीचा पालकांचा आक्षेप पाहावयाचा, तर पाठांतराच्या पावाची गोष्ट घ्या. (पाव म्हटला की गोमंतकीयाचे लक्ष वेधले जाणारच!) हा पाव वहीच्या पानावर दाबला की अक्षरे त्यावर उमटतात आणि तो खाल्ला की तेवढे पान पाठ होते. उद्या परीक्षा. नोबिताचे पोट आधीच तुडुंब भरलेले; तरी तो पावामागून पाव कोंबीत सुटतो. अखेर पोट बिघडते आणि पावाबरोबर सारे पाठांतरही निघून जाते. पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ! येथे यंत्राने आपले काम चोख केले होते. घात केला तो खाणाऱ्याच्या स्वभावाने. फुजिमोतो यांनी अशा १३०० हून अधिक कथा रचल्या, आणि त्यांतील कितीतरी कथांचा सांगाडा हाच आहे. वस्तू नवी येते, मनुष्य जुनाच राहतो. नोबिता एकदम शहाणा झाला असता, तर दुसरी कथा लिहिताच आली नसती.

सवंगड्यांपैकी जियान सर्वांत ठसठशीत उतरला आहे. दांडगा, दुसऱ्याची वस्तू आपलीच मानणारा. परंतु त्याच्या आईचे दुकान आहे आणि त्या माउलीची हाक ऐकू आली की हा पहिलवान चळचळा कापतो. मोकळ्या पटांगणात, सिमेंटचे तीन मोठे नळ पडलेले असतात तेथे, तो सर्वांना जबरदस्तीने आपले गाणे ऐकवितो. गाणे भयंकर असते. मात्र आपण उत्तम गातो, याविषयी त्यास तिळमात्र शंका नसते. दांडगाईच्या आत दडलेली ही कौतुकाची भूक लेखकाने नेमकी हेरली आहे. १९८२ च्या चित्रपटात आफ्रिकेच्या अरण्यातील प्रवासात जियानच्या हट्टापायी सारे संकटात सापडतात. त्यास कोणी दोष देत नाही, आणि तेच त्यास सहन होत नाही. शेवटी तो एकटाच शत्रूच्या दिशेने चालू लागतो, आणि एकेक करून बाकीचे त्याच्या शेजारी येऊन चालू लागतात. तेथे संवाद जवळजवळ नाहीच. ज्यास आपण वर्षानुवर्षे दांडगट म्हणून ओळखले, त्याची पाठ तेवढी आपणांस दिसते.

सुनिओविषयी फार लिहिण्याजोगे नाही. श्रीमंतीची ऐट आणि बलवानाची खुशामत, हा मनुष्य आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. देकिसुगी हा सर्वगुणसंपन्न मुलगा. त्याच्या नावातच ‘अति उत्तम जमलेला’ असा श्लेष आहे. तो नम्र आहे, अभ्यासू आहे, खेळाडूही आहे. आणि म्हणूनच त्याच्यावर कथा उभी राहत नाही. आपल्या बोधकथांतील आदर्श बाळ वाचकाच्या स्मरणात का राहत नाहीत, याचे कारण या एका पात्रात सापडते.

शिझुकेच्या बाबतीत मात्र लेखकाचा हात आखडला आहे, असे माझे मत आहे. ती गोड आणि समंजस आहे, आणि बहुतेक कथांत तेवढीच राहते. पियानो चांगला येत असूनही तिला व्हायोलिन वाजविण्याची हौस आहे, आणि ते ती फारच वाईट वाजविते. भाजलेली रताळी तिला अतिशय प्रिय, पण ते कोणास कळू नये म्हणून ती जपते. या दोन छोट्या रेषांनी ती क्षणभर खरीखुरी मुलगी होते. अशा रेषा आणखी हव्या होत्या. तिच्या संकोचावर बेतलेले जे विनोद जुन्या कथांत वारंवार येतात, ते नसते तर बरे झाले असते. उलट जियानची धाकटी बहीण जायको पाहा. आरंभी ती केवळ नोबिताची भावी वधू म्हणून भीती घालण्यापुरती येते. पुढे तीच चित्रकथा रेखाटणारी कष्टाळू मुलगी होते आणि ‘ख्रिस्तीन गोदा’ या टोपणनावाने लिहू लागते. तिच्यासाठी जियान जिवाचे रान करतो. न वाढणाऱ्या या जगात जिची वाढ झाली, अशी ही एक.

‘नोबिता’ या नावाचा अर्थही जाणून घेण्यासारखा आहे. त्यातील ‘नोबि’ म्हणजे वाढणे, उंचावणे. एका कथेत आईवडिलांच्या रागावण्याने दुखावलेला नोबिता कालयंत्रातून आपल्या जन्माच्या दिवशी जातो. तेथे ते दोघे तान्ह्या बाळाकडे पाहत केवढी स्वप्ने रंगवीत असतात! मूल निकोप वाढावे, म्हणून हे नाव. दुसऱ्या एका कथेत तो आपल्या दिवंगत आजीस भेटावयास भूतकाळात जातो. समोरचा मोठा मुलगा आपलाच नातू आहे, यावर ती लगेच विश्वास ठेवते. नातवास दप्तर घेऊन शाळेत जाताना पाहावे, ही तिची इच्छा. तो धावत जाऊन दप्तर पाठीस लावून येतो. मग तिला नातसूनही पाहावीशी वाटते, आणि हा भाबडा मुलगा परत येऊन शिझुकेस विचारतो, ‘लग्न करशील का?’ डोळे ओलावले असतानाच हसू फुटावे, अशी ही जागा आहे.

आणि लग्नाच्या आदल्या रात्रीची कथा! मोठी झालेली शिझुका वडिलांपाशी आपली धास्ती बोलून दाखविते. वडील जावयाची हुशारी वा मिळकत यांविषयी अवाक्षर काढीत नाहीत. दुसऱ्याच्या सुखाने सुखावणारा आणि दुःखाने दुखावणारा तो मुलगा आहे, तेव्हा तुझी निवड चुकली नाही, एवढेच ते सांगतात. वर्गात कोणास ‘नोबिता’ म्हणून हाक मारणाऱ्यांनी ही कथा अवश्य पाहावी.

आता निरोपाची कथा. ही चित्रकथा ज्या मासिकांतून येई, ती इयत्तावार असत. पहिलीचे वेगळे, दुसरीचे वेगळे. एकाच महिन्यात फुजिमोतो निरनिराळ्या वयांसाठी निरनिराळ्या कथा काढीत. चौथी संपवून वरच्या वर्गात जाणाऱ्या मुलांना पुढच्या मासिकात डोरेमॉन भेटणार नसे. म्हणून १९७१ आणि १९७२ च्या मार्चमध्ये त्यांच्यासाठी निरोपाच्या कथा छापल्या गेल्या. नोबिता वाढत नव्हता, पण त्याचे वाचक दरवर्षी वाढत होते, हे लेखकास पुरते ठाऊक होते.

१९७४ च्या मार्चमध्ये तिसरीच्या मासिकात पुन्हा निरोप आला. डोरेमॉनला भविष्यकाळात परत जावयाचे आहे आणि नोबिताचे कसे होईल, या चिंतेने त्याचा पाय निघत नाही. त्या रात्री नोबिताची गाठ झोपेत चालणाऱ्या जियानशी पडते. एरवी त्याने डोरेमॉनला हाक मारली असती. आज मारीत नाही. मार खातो, पडतो, पुन्हा उठून जियानला बिलगतो. शेवटी जियानच कंटाळून हार मानतो. मी एकट्याने जिंकलो, आता तू निर्धास्त जा, हे सांगण्यासाठीच ही सारी धडपड होती. सकाळी मेजाचा खण रिकामा असतो.

जपानी शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. तिसरीतून चौथीत गेलेल्या त्याच मुलांनी एप्रिलचा अंक उघडला, तो त्यात पुढची कथा होती. एक एप्रिलचा दिवस. डोरेमॉन परत आला, अशी थाप मारून जियान नोबिताला फसवितो. डोरेमॉनने जाताना ठेवलेल्या पेटीत नोबिताला एक औषध सापडते. ते प्यायल्यावर आपण जे बोलू, ते खोटे ठरते. त्याच्या जोरावर तो जियान आणि सुनिओ यांची खोड मोडतो, पण त्याचे मन त्यात रमत नाही. घरी येऊन तो आईस सांगतो की, डोरेमॉन काही आता परत यावयाचा नाही. औषधाचा अंमल अजून उतरलेला नसतो. तो आपल्या खोलीचे दार उघडतो, तो डोरेमॉन समोर उभा.