उन्हाच्या जिल्ह्यात ‘ड’ जीवनसत्त्वाची वाण

भंडारा जिल्ह्यात उन्हाला तोटा नाही. मग उन्हातून फुकट मिळणारे ‘ड’ जीवनसत्त्व आपल्या आजी-आजोबांना पुडीतून का घ्यावे लागते?

आपल्या त्वचेत ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. त्यावर सूर्याचे जंबुपार-ब किरण पडले, की त्याचे रूपांतर होऊन ‘ड-३’ तयार होते. पुढे त्यावर आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात संस्कार होतात, तेव्हा कुठे ते कामाला लागते. अन्नातील कॅल्शियम आतड्यातून रक्तात शोषून घेणे हे त्याचे मुख्य काम. ते कमी पडले, तर शरीर रक्तातील कॅल्शियमची पातळी राखण्यासाठी हाडांतून कॅल्शियम काढू लागते. अशी हाडे साध्या घसरण्यानेही मोडतात. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले, म्हणजे पुष्कळांचे चालणे कायमचे अडते.

आता उन्हाकडे वळू. जंबुपार-ब किरण वातावरणात फार शोषले जातात. सूर्य वर असेल तेव्हाच ते पुरेसे खाली पोचतात. यासाठी एक सोपी खूण आहे : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल, तर त्या उन्हात ‘ड’ फारसे बनत नाही. अंगणात काठी रोवून तुम्हीच पाहा. भंडाऱ्याचा अक्षांश सुमारे २१ अंश उत्तर. २२ डिसेंबरला मध्यान्ही येथे सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंश वर असतो आणि सावली काठीएवढीच पडते. त्याच दिवशी लंडनला सूर्य जेमतेम १५ अंश चढतो. सावली काठीच्या पावणेचारपट! म्हणजे भंडाऱ्यात बाराही महिने ‘ड’ बनू शकते. पण ते भर दुपारी. ज्या कोवळ्या उन्हाची आपल्याकडे एवढी महती आहे, त्यात ऊब असते, ‘ड’ मात्र बेताचेच. खिडकीच्या काचेतूनही हे किरण जवळजवळ येतच नाहीत. आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ असताना आजोबांना दुपारी अंगणात बसवणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रणच.

त्यात वयाची भर पडते. मॅकलॉफलिन व हॉलिक यांनी १९८५ साली दाखवून दिले, की सत्तरी ओलांडलेल्यांच्या त्वचेची ‘ड’ बनवण्याची क्षमता मुलांच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी होते. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन तेच किरण अडवते. रोवणीला दिवसभर चिखलात वाकणारी बाई म्हातारपणी ओसरीवर बसू लागली, की तिचा हा कारखाना दोन्हीकडून मंदावतो. आहारातून भरपाई थोडीच होते. मासळी व अंड्याचा बलक यांत काही ‘ड’ असते. भाताच्या ताटात नाही.

तर मग प्रत्येक वृद्धाला पुडी द्यावी काय? १९९२ साली फ्रान्समधील वृद्धाश्रमांतल्या ३,२७० स्त्रियांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्या स्त्रियांना रोज ८०० एकके ‘ड-३’ आणि कॅल्शियम दिले होते. दीड वर्षात त्यांच्यात खुब्याचे अस्थिभंग ४३ टक्क्यांनी कमी झाले. उलट अमेरिकेत २५,८७१ लोकांवरील चाचणीत रोज २,००० एकके देऊनही अस्थिभंग घटले नाहीत, असे २०२२ साली दिसून आले. यात विसंगती नाही. फ्रान्समधील स्त्रिया अतिवृद्ध होत्या आणि त्यांच्यात ‘ड’ची तूट होती, अमेरिकेतील बहुतेकांत ती नव्हतीच. भरलेल्या रांजणात आणखी पाणी ओतून काय उपयोग?

जास्त ओतल्यास अपायही होतो. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढील स्त्रियांना वर्षातून एकदाच ५ लाख एककांची मात्रा दिली, तेव्हा त्यांचे पडणे व हाडे मोडणे वाढले (२०१०). आपल्याकडे मिळणारी पुडी बहुधा ६०,००० एककांची असते आणि डॉक्टर ती साधारणपणे आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायला सांगतात. पुडीवरील चिठ्ठी आजीला वाचता येत नसेल, तर घरातल्या विद्यार्थ्याने ती वाचून वार लिहून ठेवावा. हे जीवनसत्त्व मेदात विरघळते, म्हणून जेवणानंतर किंवा दुधाबरोबर घेतलेले बरे. आणि त्याच कारणाने जादा झालेले ‘ड’ लघवीवाटे सहज निघून न जाता शरीरात साठते. तीच पुडी चुकून रोज घेतली गेली, तर रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, तहान, बद्धकोष्ठ सुरू होतात आणि मूत्रपिंडालाही इजा पोचते.