पाकिटाची मागची बाजू

फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतील बराकींत वसवण्यात आले आणि १९४९ मध्ये या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. निर्वासितांनी सोबत आणलेला मिरीदार सिंधी पापड पुढे या शहराची ओळख ठरला, आणि आज तो उल्हासनगरप्रमाणेच अंबरनाथ व बदलापूरच्या दुकानांतही पाकिटबंद मिळतो. पापड ओळखीच्या घरून येई तेव्हा तो कशाचा आणि कोणी लाटला हे खाणाऱ्याला ठाऊक असे. पाकिटामुळे ही ओळख तुटली आणि तिची जागा छापील मजकुराने घेतली.

हा मजकूर कसा असावा, हे अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ आणि त्याखालील २०२० चे लेबलविषयक विनियम ठरवतात. पदार्थात वजनाने सर्वाधिक असलेला घटक सूचीत प्रथम आणि मग उतरत्या क्रमाने बाकीचे घटक, असा नियम असल्याने उडदाच्या पापडात उडदाचे पीठ आरंभी यायला हवे. गव्हाच्या म्हणवल्या जाणाऱ्या बिस्किटात मैदा पहिला असेल, तर ते मुख्यतः मैद्याचेच आहे. पापड हलका व्हावा म्हणून घातला जाणारा पापडखार हे सोडियम कार्बोनेट वा बायकार्बोनेटसारखे क्षार असून, खाद्यसंयोजकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकपद्धतीत ते ५०० या क्रमांकाखाली येतात.

पोषणतक्त्यात ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण व वरून घातलेली साखर, एकूण, संपृक्त व ट्रान्स मेद, कोलेस्टेरॉल आणि सोडियम यांचे प्रमाण दिलेले असते. त्याशेजारी दिसणारी टक्केवारी प्रौढ व्यक्तीच्या दिवसाच्या २,००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम एकूण मेद, २२ ग्रॅम संपृक्त मेद, ५० ग्रॅम घातलेली साखर आणि २,००० मिलिग्रॅम सोडियम या गृहीत मापांवरून काढली जाते. हे सोडियम सुमारे ५ ग्रॅम मिठात असते. समजा, पापडाच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे १,८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे आणि एक पापड १० ग्रॅमचा आहे, तर दोन पापडांतून ३६० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या १८ टक्के सोडियम पोटात जाते, आणि ताटातले लोणचे, आमटी व भाजी यांचे मीठ त्याहून वेगळे असते. या आकड्यात मीठ आणि खार या दोहोंतील सोडियम मोजलेले असते, पण तक्ता कच्च्या पापडाचा असल्याने तळताना शोषलेले तेल त्यात धरलेले नसते.

खरी गफलत ‘प्रति सर्व्हिंग’ या रकान्यात होते, कारण एका वेळच्या खाण्याचे हे माप बहुधा उत्पादक स्वतः ठरवतो. चिवड्यात १०० ग्रॅममागे ३० ग्रॅम मेद असला आणि सर्व्हिंग ३० ग्रॅमचे धरले, तर नजरेत ९ ग्रॅमचा सौम्य आकडा भरतो. २०० ग्रॅमचे पाकीट एकट्याने संपवणाऱ्याच्या पोटात मात्र ६० ग्रॅम, म्हणजे जवळपास दिवसभराचा मेद गेलेला असतो.

पुढच्या बाजूवरील दाव्यांनाही कायद्याच्या व्याख्या आहेत. ‘शुगर फ्री’ म्हणवण्यासाठी १०० ग्रॅम घन पदार्थात साखर ०.५ ग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. परंतु त्यामुळे मैदा किंवा तूप कमी झाले असे होत नाही. वनस्पती तुपासारख्या अंशतः हायड्रोजनीकृत तेलांतून येणाऱ्या ट्रान्स मेदावर, हृदयविकाराचा धोका लक्षात घेऊन, जानेवारी २०२२ पासून खाद्यतेले व मेदांत २ टक्क्यांची मर्यादा आहे. तथापि ‘ट्रान्स फॅट फ्री’ लिहिलेल्या पदार्थात संपृक्त मेद भरपूर असू शकतो.

म्हणून दिवाळीचा तयार फराळ घेताना एकाच प्रकारची दोन पाकिटे शेजारी धरावीत, सर्व्हिंगचा रकाना बाजूला ठेवून १०० ग्रॅमचे आकडे ताडावेत, घटकसूचीतील पहिली तीन नावे वाचावीत आणि मगच निवड करावी. पुढची बाजू विकण्यासाठी छापलेली असते, तर मागच्या बाजूवरील मजकुराला उत्पादक कायद्याने बांधील असतो. ग्राहकाने वाचायची ती हीच बाजू.