उन्हाळ्यांतील सुगंध : कैरी कीं अंजीर?

माठांत वाळ्याची जुडी, देवापुढें मोगरा आणि दुपारीं पन्हें, एवढ्यावर आपल्या घरांनीं पिढ्यान् पिढ्या वैशाख निभावला. तथापि हल्लीं परदेशी सुगंधजलेंही आपल्या फडताळांत येऊं लागलीं आहेत. यंदा आमच्या घरीं अशा दोन कुप्या एकदमच आल्या, आणि घरांत कोणती वापरावी हा प्रश्न उभा राहिला.

दोन्ही पॅरिसच्या एर्मेस या पेढीच्या व झां-क्लोद एलेना या सुगंधकाराच्या कल्पनेंतून उतरलेल्या. पहिली २००३ सालची, 'भूमध्यसागरावरील बाग' अशा अर्थाच्या नांवाची. ती ट्युनिसियांतील एका बागेवरून सुचली; तिचा प्राण अंजीर. दुसरी २००५ सालची, 'नील नदीवरील बाग'. आस्वान येथें झाडांवर लोंबणाऱ्या कैऱ्यांच्या वासानें एलेना मोहित झाले, त्याचें हें फळ. मौज अशी कीं, कुपींतील कैरी कैरीपासून निघालेली नाहीं. निराळ्या द्रव्यांच्या मिश्रणानें तिचा केवळ भास निर्माण केला आहे. अंजिराच्या पानाचा अर्क तर त्वचेस अपायकारक म्हणून सुगंधद्रव्यांत निषिद्धच मानला जातो. तेव्हां तोही भासच!

निवड सोपी नव्हती, कारण आमच्या मातोश्रींस दमा आहे. गतवर्षीं घरांतील मुंजीच्या दिवशीं त्या मागील पडवींत एकट्याच बसून राहिल्या. कारण विचारलें असतां कांहीं बोलल्या नाहींत. मंडपांतील अत्तराच्या घमघमाटानें त्यांस धाप लागत होती, हें पुढें कळलें; सुनांचा विरस नको म्हणून त्यांनीं नातवाची मुंज दुरूनच पाहिली! तें आमच्या मनास फार लागलें.

म्हणून या वेळीं घाई केली नाहीं. लिंबू-संत्र्याच्या जातीचा पहिला वास उष्णतेनें लवकर उडून जातो; मागें राहतो तोच घरच्यांच्या वाट्यास येतो. यास्तव एके दिवशीं एक अशा रीतीनें, सज्जांत, मनगटावर एकेक फवारा घेऊन दोन तास वाट पाहिली. अंजिराचा वास आरंभीं पानाच्या चिकासारखा हिरवा, पुढें दुधाळ व गोडसर झाला. कैरीचा आंबटपणा ओसरला, परंतु मागें राहिलें तें हलकेंच होतें. मातोश्री लांबूनच म्हणाल्या, "कैरी चिरली कीं काय कोणी?" निवाडा तेथेंच झाला. अंजिराची कुपी धाकट्या वहिनी आनंदानें पुण्यास घेऊन गेल्या.

तरीही हलका वास म्हणजे निर्धोक वास, असें कोणीं समजूं नये. दमेकऱ्यास सौम्य सुगंधही बाधूं शकतो. सबब आमच्या घरीं आतां नियम असा : फवारा एकच, तोही सज्जांत, मातोश्रींच्या खोलींत व स्वयंपाकघरांत मुळींच नाहीं. सुगंध लावणारा एक असतो, परंतु श्वास सारें घर घेतें. तेव्हां कुपी निवडण्यापूर्वीं आपणांपैकीं कोण मुकाट्यानें पडवींत जाऊन बसतें, हें वाचकभगिनींनीं एकवार अवश्य पाहावें.