लेकीची तक्रार ही अमानत

आमच्या देवपूरमध्ये मुलगी नर्स किंवा डॉक्टर झाली की घरात मिठाई वाटली जाते. पण तिथे तिला त्रास झाला, तर आपण एवढेच म्हणतो, "बेटी, सब्र कर."

आपल्या जळगावची डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने वसतिगृहात जीवन संपवले. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर जातीवरून छळाचा आरोप झाला, प्रकरण न्यायालयात गेले. आपण आधीच तक्रार केली होती, असे आई आबेदा तडवी यांचे म्हणणे. लेखी तक्रार आलीच नव्हती, असे रुग्णालयाचे.

म्हणून आम्ही पालकांना सांगतो : तारीख, वेळ, प्रसंग वहीत लिहा. अर्ज लेखीच द्या, पोहोच घ्या. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यानुसार विद्यार्थीच नव्हे, तर पालक किंवा शिक्षकही लेखी तक्रार करू शकतात; संस्थाप्रमुखाला सात दिवसांत चौकशी करावी लागते. नोकरीत लैंगिक छळ झाल्यास २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या ठिकाणी अंतर्गत समिती हवीच. लहान दवाखान्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांत करावी. तक्रारदार महिलेचे नाव जाहीर करण्यास मनाई आहे.

हीच गुप्तता घरानेही पाळावी. लेकीने विश्वासाने सांगितलेले मोहल्ल्यात बोलू नका. तिच्यासोबत अर्ज लिहायला बसा. सब्र म्हणजे जुल्म मुकाट सोसणे नव्हे.