साबणाला घाम फुटला तर? पावसाळ्यातल्या घरगुती साबणाची तपासणी

आजचा विषय आहे घरी केलेला साबण. म्हणजे तो जमला नाही तर काय बघायचं, हा.

लोणावळ्याजवळच्या औंढ्यात जुलैमध्ये काय होतं ते तिथल्यांना सांगायला नको. पापड सादळतात, मिठाला पाणी सुटतं, दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. अशा हवेत साबण केला की मे महिन्यात झकास जमलेली रेसिपीही दगा देते. मग आपण तेल बदलतो, सुगंध बदलतो. पण आधी दोष ओळखायला हवा. काही दोष फक्त दिसायला वाईट असतात, तर काही कातडी भाजतात.

थोडं रसायन बघू. तेल आणि कॉस्टिक सोडा यांची पाण्यात प्रक्रिया झाली की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. हा कॉस्टिक म्हणजे खायचा सोडा नाही आणि धुण्याचाही नाही, बरं का!

आता एकेक दोष घेऊ.

वर पांढरी भुकटी. साबण ताजा असताना त्यातला कॉस्टिक हवेतल्या कार्बन डायऑक्साइडला भेटतो आणि धुण्याचा सोडा बनतो. धोका काही नाही, ओल्या फडक्यानं पुसून टाका. पुढच्या वेळी साच्यात ओतल्याबरोबर वरून प्लास्टिक लावा आणि पहिला दिवस झाकून ठेवा.

घामाचे थेंब. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं. वितळवून ओतायच्या तयार बेसमध्ये हे जास्त दिसतं. साबण वितळतोय असं वाटतं, पण तसं नसतं. पुसा आणि पंख्याखाली जाळीवर ठेवा. तयार बेसचा साबण लगेच घट्ट गुंडाळा. फ्रिजमध्ये मात्र नको, कारण बाहेर काढला की थंड साबणावर आणखी पाणी जमतं.

ढवळताना घट्ट, साच्यात वेगळा. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं. गार सकाळी मिश्रण दाट होतं, आपल्याला वाटतं झालं! प्रत्यक्षात फक्त तेल गोठलेलं असतं. नंतर तेल वर, पाणी खाली. म्हणून तेल आणि कॉस्टिकचं पाणी दोन्ही ४० अंशांच्या जवळ असताना मिसळा.

मऊ, तेलकट साबण. पावसाळ्यात सगळ्यात जास्त फसवतो तो हा. पापडासारखा कॉस्टिकही सादळतो. समजा, ३०० ग्रॅम खोबरेल आणि २०० ग्रॅम शेंगदाणा तेल घेतलं. सगळ्या तेलाचा साबण व्हायला साधारण ८२ ग्रॅम कॉस्टिक लागतो. ५ टक्के तेल मुद्दाम शिल्लक ठेवायचं म्हणून आपण ७८ ग्रॅम मोजतो. पण उघड्या डब्यातल्या त्या ७८ ग्रॅममध्ये ८ ग्रॅम पाणीच असेल, तर खरा कॉस्टिक उरला ७० ग्रॅम. मग जवळपास १५ टक्के तेल तसंच राहतं. साबण तेलकट होतो आणि काही आठवड्यांत खवट वासही येऊ लागतो. उपाय सोपा आहे: छोटं पाकीट घ्या, झाकण घट्ट लावा आणि गोळे झालेला कॉस्टिक वापरू नका.

भुसभुशीत वडी, कापताना पांढरे खडे किंवा पाण्याचे कप्पे. इथे थांबायचं! कॉस्टिक जास्त पडला असेल किंवा नीट विरघळला नसेल. ही वडी अंगाला लावू नका. लिटमस कागद इथे कामाचा नाही, कारण चांगला साबणही अल्कधर्मीच असतो. पीएच पट्टी वापरा. नेहमीच्या साबणाचा आकडा ९ ते १० च्या आसपास येतो. ११ च्या वर गेला तर ती वडी बाजूला. खडे दिसत असतील तर पट्टी काहीही म्हणो, वापरायची नाही.

काही नियम तर कायमचे. कॉस्टिक पाण्यात घालायचा, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही. ते उसळून अंगावर येतं. जर्मनचं पातेलं अजिबात नको, कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो. स्टीलचं भांडं घ्या. गॉगल आणि ग्लोव्ह्ज हवेतच, खिडकी उघडी हवी, लहान मुलं लांब हवीत. कातडीवर उडालाच तर लगेच भरपूर वाहतं पाणी, व्हिनेगर किंवा लिंबू नाही. डोळ्यात गेला तर पाण्यानं धूत राहा आणि थेट डॉक्टरकडे जा.

आणि थोडा धीर धरा. साबण मुरायला एरवी चार ते सहा आठवडे लागतात, पावसाळ्यात आणखी वेळ द्या. साबण विकायचा किंवा कुणाला भेट द्यायचा असेल, तर आधी एक वडी कापून आत बघा. वरचा घाम पुसता येतो, आतला खडा पुसता येत नाही.

तुमचा साबण कुठे अडला ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!